घोड्यांची ट्राम: एका डब्यामागे किती घोडे?

दर्याकाठ, रत्नागिरी: शाळेच्या प्रदर्शनात मुलं मुंबईच्या १८७४ च्या ट्रामचं चालतं मॉडेल ठेवणार आहेत. डबा आणि रूळ झाले. दोन घोडे एवढं वजन कसं ओढायचे? शेवटच्या थांब्यावर डबा वळवायचा कसा? आणि अशी ट्राम आपल्या मांडवीहून मारुती मंदिरापर्यंत चढली असती का? आकड्यांत सांगितलंत तर बरं.

रूळवाट: सगळी करामत रुळांची. खडीच्या रस्त्यावर गाडी ओढायला वजनाच्या साधारण तिसाव्या हिश्शाइतका जोर लागतो, खाचेच्या रुळावर शंभराव्या. डबा दोन टन आणि तीस उतारू मिळून चार टन धरा. रुळावर ४० किलोचा जोर, खडीवर १३० च्या पुढे. दिवसाच्या कामात घोडा स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं ओढतो, म्हणजे ४०० किलोचं जनावर ४० किलो. सपाटीवर जोडी निभावून नेते. जनावर थकतं ते गाडी सुटताना. उभा डबा हलवायला कितीतरी जास्त ताकद लागते, आणि थांबे तर पावलापावलावर.

डबा वळवत नसत. दोन्ही टोकांना सारखाच ओटा, सारखाच ब्रेक. घोडे सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे, झालं.

तबेला: घोड्यांचा हिशेब मॉडेलशेजारी पाटीवर नक्की लिहा, तोच सहसा राहून जातो. एक घोडा दिवसाला चार-पाच तासच जुंपता येतो. डबा सोळा तास चालवायचा तर चार जोड्या, म्हणजे आठ घोडे. नाल निघालेले, लंगडणारे, आजारी यांच्यासाठी दोन जादा. डब्यामागे दहा. मुंबईची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी, दुसरा बोरीबंदर ते पायधुणी. त्या कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते. चंदी, वैरण, मोतद्दार, नालबंद, लीद उचलणं, खर्च सगळा इथे. त्यात साथीची धास्ती. १८७२ साली अमेरिकेत घोड्यांना फ्लू झाला आणि शहरंच्या शहरं ठप्प झाली. मुंबईत ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली, त्यामागे हा खर्चही होताच.

रूळवाट: आता चढाचं. वीस फुटांत एक फूट चढ धरला तर चार टनांना २०० किलोचा जोर वाढतो. आधीचे ४० मिळवून २४०, म्हणजे सहा घोडे. मारुती मंदिराकडच्या चढाला जोडीचं काम नाही, पायथ्याशी जादा घोडे बांधून ठेवावे लागले असते. उतरताना उलटं संकट, ब्रेक सैल पडला तर डबा घोड्यांच्या मागच्या पायांवर जातो. शिवाय आपली तांबडी माती पावसात रुळाच्या खाचेत बसते. चाकाची कड वर उचलली जाते आणि डबा रुळावरून उतरतो. खाच रोज खरवडून काढायला माणूस हवा. मांडवीच्या सपाट भागापुरती मात्र चालली असती.

तबेला: मॉडेलमध्ये ब्रेक दिसू द्या. ओट्यावर उभा दांडा, वर फिरवायची मूठ. दांड्याला साखळी गुंडाळली की खालचे ठोकळे चाकांवर दाबले जातात. मूठ सुटून उलटी फिरू नये म्हणून तळाशी दातेरी चाक आणि पायाने लावायची खिटी. चढ दाखवणार असाल तर ती खिटी विसरू नका.