मदत हवी आहे : कॅलिफोर्नियात आईचं पहिलं मतदान, २ जून २०२६ ची प्रायमरी आणि सहीचा घोळ

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको करत होते, पण आता मतपत्रिका घरी यायची वेळ जवळ आली म्हणून विचारतेच. आम्ही सनीवेलला राहतो, म्हणजे सँटा क्लारा काउंटी. आई ७४ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, २०१० ला रिटायर झाली, बाबा आधीच गेले होते म्हणून त्याच वर्षी तिला ग्रीन कार्डावर इकडे आणलं. पंधरा वर्षं झाल्यावर सिटिझनशिपचा अर्ज केला, कारण वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षं झाली असतील तर परीक्षा आपल्या भाषेत देता येते, दुभाषा घेऊन. आईने ते शंभर प्रश्न स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहून फ्रिजवर, देवघराशेजारी, जिथे जागा मिळेल तिथे चिकटवले होते आणि पोळ्या लाटतालाटता पाठ केले. डिसेंबरात शपथ झाली. नोव्हेंबरचं प्रपोझिशन ५० चं (मतदारसंघांच्या हद्दी बदलायच्या का यावरचं) मतदान महिन्याभराने हुकलं, त्याची तिला अजून रुखरुख आहे. त्यामुळे ही जूनची प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधीची फेरी, तिची इथली पहिलीच निवडणूक.

पहिला प्रश्न सहीचा. शपथविधी संपल्यावर बाहेर मतदार नोंदणीचे फॉर्म वाटत होते, तिथेच तिने कागदी फॉर्म भरला आणि सही मराठीत केली, हजेरीपटावर आयुष्यभर करायची तशी, एका झटक्यात, शेवटी खाली रेघ. पण तिचं कॅलिफोर्नियाचं आयडी कार्ड आहे त्यावरची सही इंग्लिशमध्ये आहे, कारण तेव्हा काउंटरवर त्या छोट्या काळ्या पाटीवर प्लॅस्टिकच्या काडीने सही करायची होती आणि मीच तिला म्हटलं होतं की इथे इंग्लिशमध्येच कर. ती सही म्हणजे एकेक अक्षर सुटं, थरथरलेलं, तिची वाटतच नाही. आता मतपत्रिकेच्या पाकिटावर कुठली सही करायची? पाकिटावरची सही रेकॉर्डशी ताडून बघतात आणि जुळली नाही तर मत बाजूला ठेवतात असं ऐकलं आणि तेव्हापासून मला झोप नाही. तिचं पहिलंच मत माझ्या त्या एका सल्ल्यामुळे बाद झालं तर मी स्वतःला माफ नाही करू शकणार.

दुसरं म्हणजे तिने फॉर्मवर पक्षाच्या जागी कुठलाच पक्ष नाही असं निवडलंय. मग प्रायमरीत तिला गव्हर्नरसाठी मत देता येईल का? ऑफिसमधला एकजण म्हणाला नाही, दुसरा म्हणाला येतं.

आणि तिसरं, हे मला सगळ्यात अवघड जातंय. आईने नोकरीच्या काळात कितीतरी निवडणुकांची ड्यूटी केलीये. तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचं, ट्रकने गावात पोचायचं, रात्री शाळेच्या वर्गातच बाकावर झोपायचं, सकाळी एजंटांसमोर रिकामी मतपेटी उलटी करून दाखवून सील करायची. दोनदा केंद्राध्यक्ष होती. तिच्यासाठी मतदान म्हणजे तो पुठ्ठ्याचा आडोसा, आत एकटा मतदार, आणि बाकी कुणी तिकडे मान वळवायची नाही. तिला मी सांगितलं की इथे मतपत्रिका पोस्टाने घरी येते आणि आपण डायनिंग टेबलवर बसून भरायची, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अगं मग गुप्त कसं राहणार? घरात चार माणसं आहेत." दुसरं विचारलं, "चिन्ह कुठलं?" चिन्ह नसतंच म्हटल्यावर गप्प झाली. इंग्लिश ती वाचते पण सावकाश, आणि पदांची नावं तर मलाही नीट कळत नाहीत. म्हणजे मदत तर लागणार. पण ती एकदा म्हणाली, "तू सांगशील तिथे खूण करते," ते मला अजिबात नकोय, इतकी वर्षं दुसऱ्यांचं मत जपलेल्या बाईचं मत मी द्यायचं हे बरोबर नाही. मी तिला समजावून सांगू पण तिच्यावर माझं मत लादलं जाणार नाही असं कसं करायचं? कुणी आईवडिलांसाठी केलं असेल तर प्लीज सांगा.

---

फ्रीमाँटवाले काका

ताई, पक्षाचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. येतं, नक्की येतं. २०१० मध्ये प्रपोझिशन १४ पास झालं तेव्हापासून इथे गव्हर्नर, काँग्रेस (वॉशिंग्टनचं खालचं सभागृह), असेंब्ली (राज्याची विधानसभा) या सगळ्यांसाठी प्रायमरी एकच असते, सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत, मतदार कुठल्याही पक्षाचा असो वा नसो, कुणालाही मत देऊ शकतो. पहिले दोन नोव्हेंबरला जातात, मग दोघं एकाच पक्षाचे का असेनात. २०१६ ला सिनेटसाठी कमला हॅरिस आणि लोरेटा सँचेझ अशा दोन डेमोक्रॅटच समोरासमोर होत्या. पक्षाची अट येते ती फक्त प्रेसिडेंटच्या प्रायमरीला, ती आता २०२८ ला. आणि एक, फॉर्मवर चुकून अमेरिकन इंडिपेंडंट निवडलं नाही ना बघा, तो वेगळाच पक्ष आहे, अपक्ष समजून खूप लोक त्यावर खूण करतात.

या वेळी गव्हर्नरची जागा मोकळी आहे कारण न्यूसमच्या दोन टर्म संपतात. २०२५ मध्येच डेमोक्रॅटांकडून केटी पोर्टर, झेवियर बेसेरा, रिपब्लिकनांकडून स्टीव्ह हिल्टन आणि रिव्हरसाइडचे शेरीफ चॅड बियांको यांनी उभं राहणार म्हणून जाहीर केलं होतं, आणखी बरेच आहेत. आईंना मतविभागणी हा शब्द सांगा, त्यांना लगेच कळेल. एका पक्षाचे आठ उमेदवार आणि दुसऱ्याचे दोनच असले तर आठांची मतं फुटतात आणि कमी मतांचा पक्ष दोन्ही जागा घेऊन पुढे जाऊ शकतो. म्हणून जूनचं मतदान नोव्हेंबरइतकंच महत्त्वाचं आहे, लोक त्याला हलक्यात घेतात त्याचं मला फार वाईट वाटतं.

---

ऋजुता_एसजे

सहीबद्दल, कारण माझ्या नवऱ्याच्या बाबतीत अगदी हेच झालं. त्याची लायसन्सवरची सही वेगळी आणि पाकिटावर घाईत भलतीच केली. आठवड्याभरात घरी पत्र आलं की सही जुळत नाही, सोबत फॉर्म होता, त्यावर सही करून परत पाठवला आणि मत मोजलं गेलं. म्हणजे लगेच बाद करत नाहीत, आधी कळवतात, नीट करायची संधी देतात. मतपत्रिका कुठे पोचली त्याचे मेसेज फोनवर येतात, व्हेअर्स माय बॅलट म्हणून राज्याची सोय आहे, त्यात आईंचं नाव आत्ताच घालून ठेवा, म्हणजे पत्राची वाट बघत बसायला नको.

पण मुळात तो प्रसंगच येऊ नये म्हणून नोंदणीचा फॉर्म नव्याने भरा, कागदी, आणि त्यावर त्यांची रोजची सही करू दे. फॉर्म परत भरला की सही अपडेट होते. सही मराठीत आहे म्हणून घाबरू नका, बघायचं असतं ते रेकॉर्डशी जुळते का एवढंच. जी सही हात न विचार करता करतो तीच जुळते. नोंदणीची मुदत १८ मे आहे, मतपत्रिका ४ मेच्या सुमारास निघायला लागतील, त्याआधी फॉर्म पोचू दे.

आणि हो, शेवटच्या दिवशी पोस्टाच्या डब्यात टाकू नका. २ जूनपर्यंतचा शिक्का असेल आणि ७ दिवसांत पोचली तर धरतात, पण शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडला की संपलं. तिकीट लावायला लागत नाही. लायब्ररीबाहेर, सिटी हॉलपाशी ड्रॉप बॉक्स असतात त्यात रात्री ८ च्या आत टाकली की झालं.

---

कराडचा_पोरगा

ताई तुमच्या आईंबद्दल वाचून भरून आलं, माझी आत्याही झेडपीची शिक्षिका, तिची पण अशीच ड्यूटी लागायची.

मदतीचं सांगतो. कायद्याने मतदाराला वाचता येत नसेल किंवा भाषेची अडचण असेल तर तो स्वतःच्या पसंतीचा माणूस सोबत नेऊ शकतो, कॅलिफोर्नियात दोनपर्यंत, फक्त आपण जिथे नोकरी करतो तिथला मालक किंवा युनियनचा माणूस नको. आणि घरीच भरायची असं काही नाही. सँटा क्लारामध्ये व्होट सेंटर, म्हणजे मतदान केंद्रं, असतात, काही तर दहा दिवस आधीपासून उघडी असतात, काउंटीतल्या कुठल्याही सेंटरवर चालतं. घरी आलेली मतपत्रिका घेऊन जा, तिथे आडोसा आहे, आई एकट्या उभ्या राहून भरतील. त्यांना ते जास्त बरं वाटेल असं मला वाटतं.

आमच्याकडे आम्ही काय केलं सांगतो. राज्याचं मतदार माहितीपुस्तक हिंदीतही येतं, देवनागरीत, ते मागवलं. मग रोज संध्याकाळी एकच पद. मी फक्त ते पद काय काम करतं एवढंच सांगायचो, उमेदवारांबद्दल एक शब्द नाही, ते आई स्वतः वाचायची. उदाहरणार्थ इन्शुरन्स कमिशनर. हे पद इथे निवडून द्यायचं असतं हेच लोकांना माहीत नसतं, १९८८ च्या प्रपोझिशन १०३ पासून आहे. माझ्या मेहुण्याचं घर डोंगराच्या कडेला, त्याच्या कंपनीने आगीच्या धोक्यामुळे घराचा विमा रिन्यूच केला नाही, शेवटी फेअर प्लॅनमध्ये (दुसरं कुणी विमा देत नसेल तेव्हाचा शेवटचा पर्याय) जावं लागलं, हप्ता कुठल्या कुठे गेला. एवढं सांगितलं आणि आई म्हणाली थांब, हे मी नीट वाचते. तसंच शाळा खात्याचं, सुपरिंटेंडंट ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन. त्याला पक्षच नसतो आणि जूनमध्ये निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर तिथेच निवडून येतो. तुमच्या आईंना तर तेच पहिलं वाचायला द्या.

---

मायलेकी_बे_एरिया

वरचं सगळं बरोबर. थोडी भर. यंदा सिनेटची, म्हणजे वॉशिंग्टनच्या सिनेटची जागा इथे नाही, इथले दोन सिनेटर, पाडियांची जागा २०२८ ला आणि शिफ यांची २०३० ला. काँग्रेसच्या ५२ च्या ५२ जागा आहेत आणि प्रपोझिशन ५० मुळे हद्दी बदलल्यात, त्यामुळे जुन्या माहितीवर जाऊ नका, मतपत्रिकेवर जे नाव असेल तोच तुमचा मतदारसंघ. असेंब्लीच्या ८० आणि राज्य सिनेटच्या निम्म्या. लोकांच्या सह्या गोळा करून येणारी प्रपोझिशन्स जूनमध्ये नसतात, ती नोव्हेंबरला, म्हणजे आत्ताची मतपत्रिका त्या मानाने आटोपशीर असेल. सगळ्या ओळी भरायलाच पाहिजेत असंही नाही, ज्या जागेबद्दल कळलं नाही ती कोरी सोडली तरी बाकीची मतं धरतात. हे आईंना मुद्दाम सांगा, माझी आई एक कोरी राहिली म्हणून मत बाद होईल या भीतीने रडकुंडीला आली होती.

आणि इतर वाचणाऱ्यांसाठी हात जोडून सांगते, घरात कुणी ग्रीन कार्डवर किंवा एच वन बी वर असेल तर डीएमव्हीत (आपल्याकडच्या आरटीओसारखं ऑफिस) लायसन्सचा फॉर्म भरताना नागरिक असल्याच्या प्रश्नावर चुकूनही हो म्हणू नका. नाव आपोआप मतदार नोंदणीकडे जातं आणि पुढे सिटिझनशिपच्या अर्जात कधी नोंदणी केली होती का हे विचारतात, तिथे आयुष्याचा प्रश्न होऊन बसतो.

गावच्या मतदार यादीत आईंचं नाव अजून असेल तर तेही काढून टाका, फॉर्म ७. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) असलं तरी भारतात मत देता येत नाही.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. काल रात्री आईला सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. मतविभागणी म्हटल्यावर काकांना म्हणावं कळलं, असं म्हणाली आणि त्यांच्या गावातल्या एका सरपंचाच्या निवडणुकीची गोष्ट सांगत बसली. नवीन फॉर्म आणलाय. आधी तिने जुन्या कॅलेंडरच्या मागे पाच सह्या करून बघितल्या, पाचही एकसारख्या, खाली रेघेसकट, मग फॉर्मवर केली. आज पोस्टात टाकला. हिंदी पुस्तकही मागवतेय. गावच्या यादीतलं नाव काढायचं म्हटल्यावर मात्र जरा वेळ गप्प बसली, "तिथे मी सून म्हणून आल्यापासून नाव आहे" म्हणाली. फॉर्म ७ तिनेच भरायचा म्हणतेय, मी नाही.

व्होट सेंटरलाच जाणार हे तिने ठरवलंय, मला बाहेर थांब म्हणालीये, अडलं तर हाक मारीन.

आता एक नवीन प्रश्न. सेंटरवर काम करणारी माणसं काउंटी दर निवडणुकीला घेते असं तिला कळलंय, आणि कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डवाल्यांनाही ते काम करता येतं असं मी वाचलं, म्हणजे सिटिझनला तर येणारच. आईला हिंदी मराठी बोलणाऱ्यांसाठी बसायचंय. इंग्लिश कामापुरतं बोलते. ७४ वयाच्या कुणी हे काम केलंय का, दिवसभर उभं राहावं लागतं की खुर्ची मिळते, आणि नोव्हेंबरसाठी अर्ज साधारण कधी करावा?