छोट्या देशाचं लायसन्स असलेली प्रायव्हेट युनिव्हर्सिटी खरी की खोटी, कसं ओळखायचं?

पानगळ:
नमस्कार मंडळी, नोकरीला १२ वर्षं झाली, आता डीबीए (बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधली डॉक्टरेट) करायचंय, तेही ऑनलाइनच कारण नोकरी सोडता येणार नाही. एका युनिव्हर्सिटीची ऑफर आलीये, तिचं रजिस्ट्रेशन कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटावरचं आहे. त्यांनी सरकारी शिक्क्याचं सर्टिफिकेट मेल केलंय, डिग्री अपोस्टिल करून (म्हणजे परदेशात दाखवण्यासाठीचा सरकारी दाखला लावून) देऊ म्हणतात, आणि युनेस्कोची मान्यता आहे असंही सांगतात. पहिला हप्ता शुक्रवारपर्यंत भरायचाय. घरचे म्हणतात एवढासा देश, फसवणूकच असणार. मला ते पटत नाही, पण मनात पाल चुकचुकतेय एवढं नक्की. कुणी नीट सांगेल का बघायचं काय काय?

शाईपेन:
ताई, देश लहान म्हणजे डिग्री खोटी, हे डोक्यातून काढून टाका. ग्रेनाडा केवढासा देश, पण तिथली सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटी १९७६ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली आणि तिथून शिकलेले हजारो डॉक्टर आज अमेरिकेत प्रॅक्टिस करतायत. लिश्टेनश्टाइनची लोकसंख्या ४० हजाराच्या आसपास, तिथेही सरकारमान्य प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आहे आणि ती डॉक्टरेट देते.
खरी अडचण अशी की छोट्या देशाकडे तपासणारी माणसंच नसतात, आणि मग प्रामाणिक देश काय करतो तर बाहेरून तपासून घेतो. सामोआतल्या ओशनिया युनिव्हर्सिटी ऑफ मेडिसिनचं अ‍ॅक्रेडिटेशन फिलिपिन्समधल्या संस्थेचं आहे. कॅरिबियन देशांनी मेडिकलसाठी मिळून एकच संस्था काढली, सीएएएम-एचपी, तिला २०१२ मध्ये वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशनने मान्यता दिली. म्हणजे शिक्षक कोण, परीक्षा कशी होते हे प्रत्यक्ष जाऊन कुणी पाहिलंय का, ते शोधा. लायसन्स म्हणजे दुकान उघडायची परवानगी, आतला माल चांगला आहे याची हमी त्यात नसते.
आणि नुसत्या सरकारी पत्रावरही जाऊ नका. सेंट रेजिस युनिव्हर्सिटी कागदावर लायबेरियाची, चालवत होते अमेरिकेतल्या स्पोकेनमधून, आणि लायबेरियाच्या अधिकाऱ्यांना पैसे चारून मान्यता मिळवलेली! २००८ मध्ये चालवणाऱ्या जोडप्याला ३-३ वर्षांची शिक्षा झाली, पण डिग्र्या घेणारे बसले ना हात चोळत.

रेघोट्या:
अपोस्टिलबद्दल लिहितो कारण याच एका शब्दावर सगळ्यात जास्त लोक भुलतात. १९६१ च्या हेग करारातली ही सोय. त्याने एवढंच सिद्ध होतं की कागदावरची सही आणि शिक्का ज्याचा म्हटलाय त्याचाच आहे. कागदात काय लिहिलंय ते खरं का खोटं, हे कुणी बघतच नाही. बऱ्याचदा नोटरी फक्त प्रतीवर सही करतो आणि अपोस्टिल लागतं ते त्या नोटरीच्या सहीला, डिग्रीला नाही.
आणि युनेस्को कुठल्याही युनिव्हर्सिटीला मान्यता देत नाही, कधीच नाही. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटीजचा युनेस्कोच्या सहकार्याने चालणारा एक डेटाबेस आहे, त्यात नाव असणं चांगलंच, पण ती मान्यता नव्हे. ‘युनेस्को मान्यताप्राप्त’ असं जो लिहितो त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही मी विश्वास ठेवत नाही.

ओंजळ:
माझ्या मावसभावाचं सांगते. अशाच एका बेटावरच्या युनिव्हर्सिटीची मास्टर्स घेतली, दीड वर्ष रात्री जागून असाइनमेंट केल्या, अभ्यास त्याने खरंच केला हो. नवीन नोकरीत व्हेरिफिकेशनला मार्कशीट गेली तर १४ च्या १४ विषयांपुढे एकच तारीख! त्याचं स्वतःचं लक्षही गेलं नव्हतं. तिथल्या शिक्षण खात्याला मेल गेला, उत्तर आलं की ही संस्था आमच्याकडे कंपनी म्हणून नोंदलेली आहे, पदवी द्यायचा अधिकार आम्ही दिलेला नाही. नोकरी गेलीच, पण तो त्या दीड वर्षाबद्दल अजूनही कुणाशी बोलत नाही. पानगळ, तुझ्या सर्टिफिकेटवर वर काय छापलंय आणि कुठल्या कायद्याखाली दिलंय, तेवढं वाचून सांग ना.

पानगळ:
आत्ता झूम करून वाचलं. वर ‘सर्टिफिकेट ऑफ इनकॉर्पोरेशन’ आहे, खाली ‘इंटरनॅशनल बिझनेस कंपनीज अ‍ॅक्ट’, आणि सही कंपनी रजिस्ट्रारची. शिक्षण हा शब्दच कुठे नाही. इतके दिवस मी नुसता तो सोनेरी शिक्काच बघत होते 😔

शाईपेन:
मग ती फक्त कंपनी आहे ताई, युनिव्हर्सिटी म्हणून कुणीच परवानगी दिलेली दिसत नाही. तरी त्या देशाच्या शिक्षण खात्याला स्वतः मेल करा, पत्ता सरकारी साइटवरून घ्या, युनिव्हर्सिटीने दिलेला नको. आणि पुढच्या वेळी सुरुवात उलट्या टोकाने करा, म्हणजे डिग्री जिथे दाखवायचीये त्यांनाच आधी विचारा की चालेल का. जर्मनीत दाखवायची असेल तर अनाबिन या तिथल्या परदेशी डिग्र्यांच्या सरकारी डेटाबेसमध्ये संस्थेपुढे एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का ते दोन मिनिटांत कळतं.

पानगळ:
खात्याला मेल टाकलाय, ऑफिसच्या एचआरलाही विचारलंय. युनिव्हर्सिटीला कळवलं की दोन्ही उत्तरं आल्याशिवाय पैसे भरणार नाही, तर तासाभरात फोन, आजच भरले तर ४० टक्के सूट देतो म्हणून. फोन ठेवून दिला. खात्याचं उत्तर आलं की इथेच टाकते.