‘सो’ अक्षरावरून ग्रीक नाव ठेवावे का?

फोंड्याची सून:
सप्रेम नमस्कार. नऊ दिवसांपूर्वी आमच्या घरी मुलगी जन्मली असून पुढील पंधरवड्यात बारसे करण्याचे योजले आहे. जन्म पूर्वाभाद्रपदा नक्षत्राच्या दुसऱ्या चरणावरचा असल्यामुळे भटजींनी ‘सो’ हे अक्षर काढून दिले आहे. माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. ग्रीसमधील पिरेयस बंदरात त्याचे वरचेवर जाणे होते आणि तिथली नावे त्याच्या मनात भरली आहेत. त्याने ‘सोफिया’ सुचवले, आणि अक्षराचा आग्रह नसल्यास ‘आयरीन’, ‘झोई’, ‘डॅफ्नी’ व ‘मेलिसा’ हीही नावे कळवली. सासूबाईंचे म्हणणे असे की ‘सोनिया’ ठेवावे, म्हणजे अक्षर साधते, नावात सोने येते आणि नावही आपलेच राहते. इंटरनेटवरच्या याद्या पाहिल्या तर एकच मेलिसा कुठे ‘मध’, कुठे ‘गोड मुलगी’ तर कुठे ‘परी’ होते. या नावांचे खरे अर्थ कोणते, आणि गोव्यातील हिंदू घरात असे नाव परके वाटेल का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त शिक्षक, म्हापसा:
प्रथम आपल्या सासूबाईंना थोडे हसवणारी गोष्ट सांगतो. ‘सोनिया’ हे नाव सोन्यावरून आलेले नसून ते ‘सोफिया’चेच रशियन लाडके रूप आहे. म्हणजे सासू-सुनेचा वाद मुळात एकाच नावावरून चालला आहे.

‘मेलिसा’ म्हणजे मधमाशी. मधाला ग्रीकमध्ये ‘मेली’ म्हणतात आणि माशीचे नाव त्यावरून पडले, त्यामुळे यादी करणाऱ्यांची गफलत झाली असावी. ‘परी’ कुठून आली हे मात्र तेच जाणोत. ‘झोई’ म्हणजे जीवन. ‘डॅफ्नी’ हे एका सदाहरित, सुवासिक पानांच्या झाडाचे नाव असून ग्रीक देव अपोलो पाठलाग करीत असताना त्या झाडात रूपांतरित झालेल्या अप्सरेची कथा त्यामागे आहे. कथा सुंदर असली तरी भेदरून पळणाऱ्या मुलीची आहे, म्हणून मी स्वतः हे नाव नातीला ठेवले नसते. ‘आयरीन’ म्हणजे शांती. आजचे ग्रीक लोक या नावाचा उच्चार ‘इरीनी’ असा करतात.

‘सोफिया’चा अर्थ सर्वत्र ‘ज्ञान’ किंवा ‘प्रज्ञा’ असा देतात आणि तो बरोबरच आहे; इस्तंबूलमधील 537 साली पूर्ण झालेली हागिया सोफिया ही वास्तूदेखील कोणा संत स्त्रीच्या नावाची नसून ‘पवित्र प्रज्ञे’ला वाहिलेली होती. पण हा अर्थ नंतरचा आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये हा शब्द एकदाच येतो आणि तिथे तो जहाजाचे लाकूड दोरी लावून सरळ करणाऱ्या सुताराच्या कसबाविषयी आहे. हाताला असलेली जाण ही सोफिया. तत्त्वज्ञान्यांनी ती पुढे डोक्यात नेली.

तिसवाडीकर:
परकेपणाविषयी लिहितो. आपल्याकडे निवडणूक आली की ‘सांत आंद्रे’ मतदारसंघाचे नाव प्रत्येकाच्या तोंडी असते. तो आंद्रे म्हणजे ग्रीक ‘आंद्रेआस’, अर्थात पुरुषार्थ असलेला. सांत इश्तेवच्या बेटावरचा इश्तेव हा ‘स्तेफानोस’, म्हणजे विजेत्याच्या मस्तकावरील पर्णमुकुट, आणि 1616 साली ज्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले त्या फादर स्टीफन्स यांच्या नावातही तोच मुकुट आहे. कळंगुटच्या चर्चचा सांत आलेश हा ‘अलेक्सिओस’, म्हणजे रक्षणकर्ता. पोर्तुगीज उच्चारांत घोळून आलेली ही नावे आपण इतकी वापरतो की त्यांचे ग्रीकपण कोणाच्या ध्यानीही येत नाही.

तरीही एक अडचण लपवू नये. माझ्या भाचीचे नाव आयरीन असून आडनाव ठसठशीत हिंदू आहे, त्यामुळे प्रत्येक नव्या वर्गात हजेरी घेताना शिक्षक क्षणभर थांबतात आणि मान वर करून तिच्याकडे पाहतात. तिला आता त्याची गंमत वाटते, पण सातव्या वर्षी वाटत नव्हती. आपली कन्या हे हसून घेणार की मनाला लावून घेणार, हे आज कोणी सांगू शकत नाही.

घाईचेही कारण नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, परंतु त्या नोंदीत नाव घालण्यासाठी पुढे 12 महिन्यांपर्यंत शुल्क पडत नाही.

संस्कृतची विद्यार्थिनी:
वरील उत्तरांत एक भर घालते. ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या असल्याने कित्येक नावांचे तुकडे आपल्या ओळखीचे निघतात. ‘अलेक्झांडर’मधील पहिला भाग ‘रक्ष्’ या धातूचा आणि दुसरा ‘नृ’ या शब्दाचा नातलग आहे, म्हणजे तो सरळ ‘नररक्षक’ झाला. ‘झोई’ ही ‘जीव’ शब्दाची बहीण आहे, तर ‘अँब्रोज’ हा ‘अमृत’ शब्दाचा भाऊ. मात्र सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून सावध राहावे. ‘थिओडोरा’ म्हणजे देवाची देणगी, आणि त्यातील ‘डोरा’ आपल्या ‘दान’ शब्दाशी खरोखर संबंधित आहे, पण ‘थिओस’चा आपल्या ‘देव’ शब्दाशी काहीही संबंध नाही. ‘देव’ ज्याच्या नात्यातला आहे तो ग्रीकांचा देवराज झ्यूस. ‘सोफिया’ला असा संस्कृत नातलग मिळत नाही.

उच्चाराबाबत मात्र आपली बाजू भक्कम आहे. प्राचीन अथेन्समध्ये ‘सोफिया’तले ‘फ’ हे अक्षर ओठ मिटून, श्वास सोडून उच्चारले जाई, म्हणजे आपल्या ‘फणस’मधला ‘फ’. दात ओठावर टेकवून काढलेला ‘फ’ नंतरच्या काळातला आहे.

फोंड्याची सून:
सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री ही उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. ‘सोनिया’चे मूळ ऐकून त्या प्रथम रुसल्या, मग म्हणाल्या की नाव एकच असेल तर मुळातलेच का ठेवू नये. सुताराच्या कसबाची गोष्ट भावाला कळवली, तेव्हा ‘जहाजाचे लाकूड’ या दोन शब्दांवर तो इतका खूश झाला की बारशाला सुट्टी मिळत नसल्याचे दुःख क्षणभर विसरला. हजेरीच्या वेळी होणारी अडचण आम्ही दोघांनी बराच वेळ विचारात घेतली, आणि म्हणून जन्मपत्रावर ‘सोफिया’ लिहावे व पाळण्यात कानात सांगायच्या नावांत आजीच्या पसंतीचे ‘सोनल’ही असावे, असे ठरवले आहे, पुढे तिला जे आवडेल ते ती वापरील. सासूबाई आज सकाळपासून पाळण्यापाशी बसून हाक मारून पाहत आहेत, आणि त्यांचा ‘फ’ अगदी फणसातलाच आहे.