डीएनएस बदलला की नेट सुधारते, हा समज कोणी पसरवला?

तारतम्य:
परवा येथे एका सदस्याने "घरचे नेट रखडत असेल तर राउटरमध्ये ८.८.८.८ टाका, सगळे सुरळीत होते" असा सल्ला दिला (८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएस सेवेचा पत्ता) आणि त्याखाली आभारांची रांग लागली. उत्तर लिहायला घेतले ते लांबले, म्हणून हा वेगळा धागा. डीएनएस केवळ संकेतस्थळाच्या नावावरून त्याच्या सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा अंकी पत्ता, शोधून देतो. पत्ता हाती आल्यावर पुढची देवाणघेवाण थेट त्या सर्व्हरशी होते आणि तो पत्ता काही काळ जपूनही ठेवला जातो. त्यामुळे तासभर नीट चाललेला चित्रपट मध्येच गोल फिरू लागला, तर दोष बहुधा वायफायचा, तारेचा किंवा रात्री नऊला सारी इमारत एकाच जोडणीवर तुटून पडण्याचा असतो. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते, तेव्हाही दोन नातेवाइकांनी मला फोन करून कोणता डीएनएस टाकू असे विचारले होते. फेसबुकचे स्वतःचे डीएनएस सर्व्हरच दिसेनासे झाले होते. ज्याला पत्ता ठाऊक तोच बेपत्ता, मग विचारणारा बदलून काय उपयोग?

खटपट्या:
तो सल्ला देणारा सदस्य मीच. चित्रपटाचे उदाहरण आपण सोयीने निवडले आहे. आमच्याकडे स्पीड टेस्ट पूर्ण वेग दाखवत असे, पण कोणतेही नवे पान उघडायला पाच-सहा सेकंद लागत आणि एकदा उघडले की व्हिडिओ विनातक्रार चाले. बातम्यांचे एक पान छायाचित्रे, जाहिराती आणि अक्षरवळणे यांसाठी कितीतरी निरनिराळी नावे विचारते. आपल्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस धापा टाकत असेल तर पान अडखळणारच. शिवाय पत्ता चुकीचा टाइप झाला की 'असे संकेतस्थळ नाही' असे सांगण्याऐवजी कंपनी स्वतःचे जाहिरातींचे पान पुढे करीत असे. ८.८.८.८ टाकल्यापासून दोन्ही थांबले.

तारतम्य:
आपली तक्रार योगायोगाने डीएनएसचीच होती, हे मान्य. एका घरी क्रोसीन लागू पडली म्हणून ती गावभर वाटायची नसते, एवढेच माझे म्हणणे आहे.

माजघर:
वेगाचे राहू द्या. आपण उघडलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे नाव गूगलच्या दारात नेऊन ठेवता, त्याचे कोणालाच काही वाटत नाही काय?

खटपट्या:
ताई, तीच नावे आज आपली इंटरनेट कंपनी वाचते आहे, त्याचे काय? गूगल निदान पूर्ण आयपी पत्त्याच्या नोंदी २४ ते ४८ तासांत पुसतो असे लिहून तरी देतो. आमच्या कंपनीला मी हेच विचारले, तेव्हा कस्टमर केअरने राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले!

माजघर:
लिहून देणे आणि पाळणे यांतले अंतर मला शिकवू नका. आणि आपण कंपनीपासून लपलात हाही भ्रमच आहे. साधा डीएनएस उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, ८.८.८.८ ला पाठवलेला प्रश्न कंपनी वाटेत वाचू शकते, एवढेच नव्हे तर अडवून स्वतःच उत्तरही देऊ शकते. पाकिटात घालून पाठवायचा असेल तर ब्राउझरमध्ये सुरक्षित डीएनएस किंवा अँड्रॉइड ९ पासून आलेले 'प्रायव्हेट डीएनएस' चालू करावे लागते. म्हणजे पूर्वी एक वाचणारा होता, आता आपण दोन केलेत. अभिनंदन.

खटपट्या:
सुरक्षित डीएनएस चालू केला तरी आपण कोणत्या आयपी पत्त्याशी जोडले जातो ते कंपनीला दिसतेच. मग आपल्या पाकिटाचा तरी एवढा तोरा कशाला?

रात्रपाळी:
खाजगीपणाचे भांडण संपले असेल तर माझी कथा ऐका. कोणीतरी असेच ठामपणे सांगितले म्हणून मी राउटरमध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीच्या डीएनएसचे १.१.१.१ आणि १.०.०.१ हे दोन पत्ते टाकले होते. १५ जुलै २०२५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास, अमेरिकेतल्या ग्राहकाशी बैठक चालू असताना, एकही नवे पान उघडेना. राउटर दोनदा बंद-चालू केला आणि केबलवाल्याला झोपेतून उठवून नको ते ऐकवले. त्याची तार धडधाकट होती. क्लाउडफ्लेअरची ती सेवाच सुमारे तासभर जगभर बंद पडली होती. दोन्ही पत्ते एकाच दुकानाचे असतील तर दुसऱ्याचा उपयोग शून्य, हे त्या पहाटे कळले. केबलवाल्याची माफी मागायची अजून राहिली आहे.

तारतम्य:
म्हणूनच आधी निदान करा, असे मी कानीकपाळी ओरडतो आहे. पान उघडत नसेल तेव्हा नावाऐवजी थेट ८.८.८.८ ला पिंग करा, म्हणजे संगणकावरून त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का ते पाहा. उत्तर येत असेल आणि केवळ नावे उघडत नसतील, तर डीएनएस जरूर बदला, मी आडवा येणार नाही. उत्तरच येत नसेल किंवा मध्येच गळत असेल, तर आधी संगणक तारेने राउटरला जोडून पाहा. तारेवर ठीक चालले तर घोळ वायफायचा आहे. आमच्या मेहुण्यांनी तीन डीएनएस पालटले आणि राउटर मात्र टीव्हीमागच्या लाकडी कपाटात, इन्व्हर्टरच्या शेजारी कोंडला होता.

माजघर:
राउटर कपाटात ठेवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, पण भिंतीवर लोंबणारी ती काळी पेटी दिवाणखान्यात कोणाला हवी असते?

खटपट्या:
तारतम्यसाहेब, आपणास आनंद होईल असे काही सांगतो. काल रात्री आमचे नेट पुन्हा गेले. सवयीने राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलो होतो, पण आपली आठवण झाली आणि आधी पिंग केले. उत्तर नाही. मग फायबरच्या पेटीकडे पाहिले, तर लाल दिवा लुकलुकत होता. सकाळी केबलवाला आला आणि गच्चीवरची फायबर माकडांनी ओढून तोडल्याचे दाखवून गेला. माझा ८.८.८.८ मात्र मी काढणार नाही.