हनन्याचं नेमकं काय चुकलं?

कुणाचं नुकसान होत नसेल तर लहानसं खोटं चालतं, असं काही जणांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 5वा अध्याय बघा. हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोने जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि उरलेले प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांच्या, पायाशी आणून ठेवले. त्यांच्यातला पेत्र हनन्याला स्पष्ट सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. म्हणजे अर्धेमुर्धे देणं हा गुन्हा नव्हताच! सगळं दिल्याचा देखावा, तेवढंच खोटं होतं. कुणाचा एक पैसाही बुडाला नव्हता, तरीही ते पापच ठरलं.

आपलं रोजचं खोटं बहुतेक याच जातीचं असतं. न केलेल्या कामाचं श्रेय घेणं, ‘तुझ्यासाठी प्रार्थना करतो’ म्हणून विसरून जाणं. (हे दुसरं तर आपल्या चर्चच्या मंडळीत सर्रास चालतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.)

मग मनात येईल ते तोंडावर फेकायचं का? नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्र 4:15 मध्ये सत्य प्रीतीने बोलायला सांगितलं आहे. गप्प राहण्याची मुभा आहे, फसवण्याची नाही.

खोटेपणाने कुणाचे पैसे घेतले असतील तर मात्र देवापुढे प्रार्थनेत नुसती कबुली देणं पुरत नाही. जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत द्यायची तयारी दाखवली (लूक 19:8). ज्याचं घेतलं त्याच्या हातात ते परत पडायला हवं.