ड्वार्फ फोर्ट्रेस: मेंढ्या पाळण्यात खरंच काही राम आहे का?

खडकफोड्या (धागाकर्ता):
जमिनीखाली ड्वार्फ म्हणजे बुटक्यांचा किल्ला वसवायच्या या संगणक-खेळात नव्या खेळाडूला हटकून सल्ला मिळतो, 'निघतानाच मेंढ्यांची एक जोडी घे.' माझं ऐकाल तर नका घेऊ. शेतकऱ्याच्या कार्यशाळेत कातरा, तिथेच सूत काता, मग माग, मग शिंप्याचं दुकान. इतका खटाटोप, आणि मेंढी कातरायला येते जेमतेम वर्षाला एकदा. उलट पिग टेल, म्हणजे खेळातलं धाग्याचं पीक, जमिनीखाली पेरा. उन्हाळ्यात आणि शरदात येतं, सूतही देतं, दारूही. मेंढीला कुरण लागतं, ते उघड्यावर. माझ्या मागच्या किल्ल्यावर गॉब्लिन हल्लेखोर चालून आले तेव्हा मेंढ्या आत हाकायला गेलेला सुतार परत आलाच नाही. पिग टेलला आत हाकावं लागत नाही!

गवताळ:
सुतार मेंढीपायी नाही गेला, दार वेळेत लावलं नाही म्हणून गेला. एकदा गुहा लागली की खालच्या मातीच्या थरातही शेवाळ-बुरशी उगवते. तिथे एक मोठी खोली खणून कुरण आखा, मेंढ्या मजेत चरतात. वर दूध, दुधाचं चीज, आणि कापलीच तर मटण, कातडं, हाडं. पिग टेलचा रस्सा करणार का?

खडकफोड्या:
शेवाळासाठी गुहा फोडायची? म्हणजे विंचवाच्या बिळात हात घालायचा. पहिल्याच वर्षी खालून काहीतरी वर आलं तर कुठलं चीज आणि कुठलं काय.

मुकी टिकली:
माझा अनुभव सांगते. एक शिंपीण स्ट्रेंज मूडमध्ये गेली, म्हणजे एखादी अजोड वस्तू घडवायच्या ध्यासाने झपाटली, आणि दुकान अडवून बसली. दगड आणला, हाडं आणली. पुढे तिला हवं होतं लोकरीचंच कापड. गोदामात पिग टेलचे तागे रचून ठेवलेले, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी रोज व्यापाऱ्यांच्या तांड्याची वाट बघत होते. तो यायच्या आधीच ती खिन्न झाली, खाणं-पिणं सुटलं, आणि कोपऱ्यात बसल्या बसल्या गेली. दोन मेंढ्या असत्या तर आज तिच्या हातची एखादी अजरामर बंडी किल्ल्यात असती.

खडकफोड्या:
वाईट वाटलं, खरंच. पण त्याला कळप कशाला? तांडा आला की लोकरीचे दोन तागे घेऊन ठेवायचे. चघळत बसणाऱ्या जनावरापेक्षा ताग्याला जागा कमी लागते.

गवताळ:
आणि त्या दोन ताग्यांचे मोजे शिवून मोकळा होणारा शिंपी माहीत नाही वाटतं तुम्हाला? फाटक्या कपड्यांवरून ड्वार्फ कुरकुरले की आपण कामं लावतो, आणि नेमकं जपून ठेवलेलं कापड जातं.

खडकफोड्या:
हा मुद्दा मान्य. माझ्याही बाबतीत झालंय.

कोपऱ्यातला:
दोघेही उगाच भांडताय. गॉब्लिन आपल्याकडचे ट्रोल नावाचे दांडगे राक्षस कातरतात आणि त्याच लोकरीचे कपडे घालतात. हल्ला परतवला की अंगणातून टोप्या वेचायच्या. ना कुरण, ना माग.

खडकफोड्या:
टोप्या माझ्याकडेही ढीगभर आहेत. त्या उसवून पुन्हा ताग्याचं कापड करता येतं का, तेवढं सांगा.