बेडकाचे हृदय खरेच अपुरे आहे का?
बेडकाच्या हृदयात तीनच कप्पे असल्याने शुद्ध आणि अशुद्ध रक्त मिसळते, म्हणून ते हृदय ‘अपुरे’, असे म्हटले जाते. ते मला पटत नाही. बेडूक ओलसर त्वचेतूनही श्वसन करतो आणि त्वचेत प्राणवायू घेतलेले रक्त डाव्या नव्हे, तर शरीरातले अशुद्ध रक्त जिथे येते त्या उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या, रक्त घेणाऱ्या कप्प्यात) परतते. त्यामुळे दोन्ही बाजू काटेकोरपणे वेगळ्या ठेवण्याची त्याला आपल्याइतकी गरजच नसते. पाण्याखाली फुप्फुसे निरुपयोगी ठरली की तिकडचा रक्तप्रवाह कमी करून त्वचेकडे वळवता येतो, हीच एकसंध जवनिकेची (रक्त बाहेर ढकलणाऱ्या, न विभागलेल्या खालच्या कप्प्याची) खरी सोय आहे. बेडकाचा घसा सतत का हलतो, हाही प्रश्न पडतो. बेडकाला श्वासपटल (आपल्याकडे छाती आणि पोट यांमध्ये असणारा, श्वास आत ओढणारा स्नायूंचा पडदा) नसते. नाकपुड्या मिटून, तोंडाचा तळ वर उचलून तो हवा फुप्फुसांत अक्षरशः ढकलतो.